स्कार्लेटचे हात

मागच्या दिवाळीत भाची चार दिवस राहायला आली होती. बारावीची पोर, फोन हातातून सुटायला तयार नाही. तिला 'गॉन विथ द विंड' दाखवायचा घाट मी घातला. जवळजवळ चार तासांचा सिनेमा, तोही १९३९चा. अर्ध्या तासात ही उठून जाणार याची मला खात्री होती. उठली नाही. अटलांटा जळताना तर फराळाची बशीही विसरली. मध्यंतरानंतर तो तुरुंगातला प्रसंग आला. टारा या घरच्या कापूसमळ्यावरचा कर भरायला पैसे हवेत, म्हणून नायिका स्कार्लेट खिडकीच्या हिरव्या मखमली पडद्याचा झगा शिवते आणि तुरुंगात असलेल्या रेट बटलरकडे जाते. आपलं अगदी छान चाललंय असं नाटक करते. तो भुलतो, तिचे हात हातात घेतो आणि तळवे बघतो. खरखरीत झालेले, कष्टाचे हात. सोंग तिथल्या तिथे उघडं पडतं.

भाचीनं रिमोट दाबला. "मावशी, दोन तास झाले, कापसाच्या शेतावर सिनेमा चाललाय. आणि कापूस वेचून खराब झालेले हात जवळून दाखवले, ते हिचेच?"

मी हा सिनेमा तोवर चार-पाच वेळा पाहिला होता. पहिल्यांदा फिल्म सोसायटीच्या खेळाला, लाकडी खुर्चीवर बसून. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आज या सिनेमाबद्दल जे काही म्हणायचंय ते या प्रश्नापासूनच सुरू होतं.

म्हणायचंय ते असं. हा सिनेमा दाखवावा की दाखवू नये, हा वाद गेली काही वर्षं अमेरिकेत पुन्हा पुन्हा उकरला जातो आणि आपल्याकडेही त्याचे पडसाद उमटतात. माझं मत, दाखवावा. संपूर्ण, एकही चौकट न कापता. पण 'कला ती कला, तिला काय विचारता' म्हणून नव्हे. कापायला माझा विरोध आहे तो वेगळ्या कारणानं. या सिनेमात आज जे खुपतं त्यातलं बरंचसं एकदा कापून झालंय, १९३९ सालीच. आणि त्या कापाकापीमुळेच तो इतका गोड लागतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मार्गारेट मिचेल या अटलांटाच्या लेखिकेची हजारावर पानांची कादंबरी १९३६मध्ये आली. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. निर्माता डेव्हिड सेल्झनिकनं पन्नास हजार डॉलरला हक्क घेतले आणि व्हिक्टर फ्लेमिंग, व्हिव्हियन ली (आपल्या दार्जिलिंगात जन्मलेली), क्लार्क गेबल वगैरे मंडळी जमवून जो सिनेमा काढला त्याला आठ स्पर्धात्मक ऑस्कर मिळाली. महागाईचा हिशेब धरला तर तिकीट खिडकीवर याच्याइतका पैसा दुसऱ्या कुठल्याही सिनेमानं केलेला नाही. गोष्ट जॉर्जियातल्या एका कापूसमळ्याच्या मालकाच्या हट्टी मुलीची. १८६१ ते १८६५ची अमेरिकन यादवी, तिच्यात दक्षिणेचा पराभव, मळा उजाड, आणि या सगळ्यातून स्कार्लेटचं तगून राहणं. प्रेम भलत्यावर, अ‍ॅशली या दुसरीच्या नवऱ्यावर, लग्नं तीन, आणि जो खरा जोडीदार होता तो रेट शेवटी दारातून निघून जातो. हे सगळं विलक्षण ताकदीनं सांगितलंय. इथं नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. स्कार्लेट स्वार्थी आहे, खोटारडी आहे, आणि तरी चार तास तिच्यावरून नजर हलत नाही. १९३९ साली अशी नायिका उभी करायला छाती लागते.

आता सुरुवातीची पाटी बघा. संगीत चढतं, आभाळ लाल होतं, आणि अक्षरं सरकू लागतात. ही सरदार-दरकदारांची आणि कापसाच्या शेतांची भूमी होती, इथं शौर्यानं शेवटचा मुजरा केला, वीर आणि त्यांच्या सुंदरी, मालक आणि गुलाम इथंच शेवटचे दिसले, आता हे फक्त पुस्तकांत शोधा, कारण वाऱ्यावर उडून गेलेली ती एक संस्कृती होती. हा मजकूर कादंबरीतला नाही. तो पटकथाकार बेन हेक्टनं सिनेमासाठी लिहिला. त्यात 'मालक आणि गुलाम' ही जोडी 'वीर आणि सुंदरी' या जोडीच्या शेजारी, त्याच सुरात ठेवलीय. जणू तेही एक हळवं नातं होतं, काळाच्या ओघात हरवलेलं.

१८६०च्या जनगणनेत जॉर्जिया राज्याची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती. त्यातले ४,६२,००० गुलाम. दर शंभर माणसांत चव्वेचाळीस. सबंध अमेरिकेत हा आकडा ३९ लाखांवर जात होता. ही माणसं विकली जात, वारसाहक्कात वाटली जात, कर्जापोटी गहाण पडत. जॉर्जियाचेच अलेक्झांडर स्टीफन्स हे अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेच्या नव्या राष्ट्राचे उपाध्यक्ष. त्यांनी मार्च १८६१मध्ये सव्हाना इथं भाषण केलं. काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था, या सत्याच्या कोनशिलेवर आमचं सरकार उभं आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. ते भाषण कोनशिलेचं भाषण म्हणूनच ओळखलं जातं. आपण कशासाठी लढतोय याबद्दल त्या पिढीच्या मनात गोंधळ नव्हता. गोंधळ नंतर, हरल्यावर, मुद्दाम तयार केला गेला. लढाई राज्यांच्या हक्कांसाठी होती, आमची एक सुसंस्कृत जीवनपद्धती होती, गुलाम सुखी होते, उत्तरेनं येऊन सगळं बेचिराख केलं, असं एक पुराण रचलं गेलं. त्याला 'लॉस्ट कॉज' म्हणतात, म्हणजे हरलेला पण म्हणे उदात्त असलेला ध्येयवाद. पुतळे उभारले, पाठ्यपुस्तकं लिहवून घेतली. मार्गारेट मिचेल या पुराणातच लहानाची मोठी झाली. युद्धाच्या गोष्टी म्हाताऱ्यांच्या मांडीवर ऐकलेल्या. आपली बाजू हरली होती, हे तिला कळलं म्हणे वयाच्या दहाव्या वर्षी!

सिनेमात हे पुराण भाषणांतून येत नाही, म्हणून तर ते पचतं. ते छोट्या छोट्या सुखद गोष्टींतून येतं. सुरुवातीलाच संध्याकाळी टाराच्या शेतात काम थांबतं. एक गुलाम ओरडतो, काम संपलं! बिग सॅम नावाचा मुकादम त्याला दटावतो, टारावर काम कधी संपलं ते सांगायचा मान माझा. आणि मग तो स्वतः ओरडतो, काम संपलं! प्रेक्षक हसतो. गोड प्रसंग आहे. पण गुलामांचं शेतातलं आयुष्य आपल्याला दिसतं ते एवढंच, काम संपताना. काम सुरू होताना नाही, चालू असताना म्हणावं तर पार्श्वभूमीला, संध्याप्रकाशात, चित्रासारखं. कष्ट म्हणून कापूस वेचणं पडद्यावर येतं ते युद्ध संपत आल्यावर, ओहारा घराण्याच्या मुलींवर ती वेळ येते तेव्हा. बहीण हातांसाठी रडते. स्कार्लेट घाम पुसते. आपल्याला कळवळा येतो, आणि यायलाच हवा, कारण प्रसंग चांगलाच केलाय. फक्त भाचीचा प्रश्न शिल्लक उरतो. हेच काम आदल्या वर्षीपर्यंत जे करत होते त्यांचे हात कुठं आहेत?

याच बिग सॅमला पुढे आपण अटलांटाच्या रस्त्यावर बघतो. खांद्यावर फावडं, ओठांवर गाणं. दक्षिणेच्या फौजेसाठी खंदक खणायला निघालाय, खुशीत. खुशीत! त्या युद्धात सुमारे १,८०,००० काळे सैनिक लढले, ते उत्तरेच्या बाजूनं. हजारो माणसं मळे सोडून, बायकापोरांसह, उत्तरेच्या छावण्यांकडे पळाली. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस या इतिहासकारानं या पळण्याला सरळ सार्वत्रिक संप म्हटलं. गुलामांनी काम बंद पाडलं आणि युद्धाचा काटा फिरवला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' हा जाडजूड ग्रंथ आला १९३५मध्ये, मिचेलच्या कादंबरीच्या बरोबर एक वर्ष आधी. आणि द्यू बॉइस तेव्हा शिकवत होते अटलांटा विद्यापीठात. एकच शहर, एकच इतिहास, पाठोपाठची दोन वर्षं. शेवटच्या प्रकरणात त्यांनी शाळा-कॉलेजांतून शिकवला जाणारा इतिहास हा प्रचार कसा आहे ते पाठ्यपुस्तकं समोर ठेवून दाखवलंय. मिचेलच्या कादंबरीच्या मात्र १९३६ संपायच्या आत दहा लाख प्रती खपल्या.

म्हणून 'तेव्हा सगळेच असा विचार करत' हा बचाव मला अजिबात पटत नाही. 'सगळे' म्हणजे कोण? मेल्व्हिन टॉल्सन या काळ्या कवीनं १९४०च्या वसंतातच वर्तमानपत्रात लिहिलं होतं. त्याचा मुद्दा असा की 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा १९१५चा सिनेमा इतका उघड खोटा होता की तो मूर्खालाही कळावा. हा मात्र इतका तरल खोटा आहे की कोट्यवधी लोक तो खरा म्हणून गिळतील. कार्लटन मॉस या काळ्या नाटककारानं सेल्झनिकला उघडं पत्र लिहिलं. काही शहरांत थिएटरांपुढे निदर्शनं झाली. मिशिगनमधल्या एका गावच्या थिएटरात सिनेमा लागला तेव्हा प्रेक्षकांत एकटाच काळा पोरगा होता. प्रिसी ही भित्री, खोटं बोलणारी दासी पडद्यावर किंचाळू लागली तेव्हा आपल्याला गालिच्याखाली शिरावंसं वाटलं, असं त्यानं पुढे आत्मचरित्रात सांगितलं. त्याचं नाव माल्कम एक्स. आक्षेप आज सुचलेला नाही, तो पहिल्या खेळापासून आहे. तेव्हा ऐकायला कोणी बसलं नव्हतं, एवढंच.

अगदीच कोणी ऐकलं नाही असंही नाही, आणि गंमत इथंच आहे. सेल्झनिक काही दुष्ट माणूस नव्हता. ज्यू होता, युरोपात काय चाललंय ते त्याला दिसत होतं. एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेचे वॉल्टर व्हाइट यांच्याशी त्याचा पत्रव्यवहार झाला. काळ्यांसाठी वापरला जाणारा तो अत्यंत घाणेरडा शब्द, कादंबरीत जागोजाग आलेला, पटकथेतून काढला गेला. आणि कू क्लक्स क्लॅन ही काळ्यांच्या जिवावर उठलेली मुखवटेधारी संघटना, तिचं नावही काढलं. फॅसिझमच्या या दिवसांत आपला सिनेमा असल्या टोळ्यांची जाहिरात होऊ नये, असं त्यानं पटकथाकाराला कळवलं होतं. हेतू चांगला होता.

परिणाम काय झाला ते पडद्यावर बघा. स्कार्लेटवर झोपडपट्टीजवळ हल्ला होतो. रात्री घरातले पुरुष बाहेर जातात. कुठं? एका राजकीय बैठकीला. बायका दिव्याच्या उजेडात शिवणकाम घेऊन बसल्यात, घड्याळ टिकटिकतंय, अ‍ॅशलीची बायको मेलनी 'डेव्हिड कॉपरफील्ड' मोठ्यानं वाचतेय, आवाज स्थिर ठेवायची तिची धडपड दिसते. उत्तरेचा अधिकारी दारात येतो. मग रेट जखमी अ‍ॅशलीला दारुड्याचं सोंग आणायला लावून आत आणतो. स्कार्लेटचा नवरा फ्रँक तर मेलेलाच आहे. इतका ताणलेला, इतका नेमका प्रसंग क्वचित बघायला मिळतो. आपण श्वास रोखून या पुरुषांच्या सुटकेची वाट बघतो.

कादंबरीत हे पुरुष क्लॅनचे सभासद आहेत, आणि ते वस्तीवर सूड घ्यायला गेलेत. सिनेमानं नाव काढलं, कृत्य ठेवलं. कादंबरी वाचणाऱ्याला निदान कळतं की आपण कोणाच्या बाजूला उभे आहोत. सिनेमा बघणाऱ्याला ते कळूच दिलेलं नाही. हल्ला करणारा कादंबरीत काळा आहे. सिनेमात तो गोरा केला, काळा त्याचा साथीदार. वर बचावाला धावून येतो तो बिग सॅम. म्हणजे सगळ्या खरचटणाऱ्या कडा तासून गुळगुळीत केल्या, आणि आत जे होतं ते तसंच ठेवलं. कडू गोळीला साखरेचा लेप दिल्यासारखं. टॉल्सननं 'तरल' म्हटलं ते याला.

म्हणून आज कोणी म्हणालं की प्रिसीला स्कार्लेट थोबाडीत मारते तेवढं कापा, सुरुवातीची पाटी काढा, मग मुलांना दाखवायला हरकत नाही, तर माझ्या पोटात गोळा येतो. तेवढं काढल्यावर उरेल ती निव्वळ प्रेमकथा, भव्य जिने, घेरदार झगे, लाल आभाळ. आणि त्या सगळ्याखाली कोणाचे तरी हात राबत होते याची उरलीसुरली खूणही पुसलेली. ती थोबाडीत खाणारी प्रिसी पडद्यावर राहू द्या. तिथं आज थिएटरात हसू येत नाही, शांतता पसरते. माझ्या दिवाणखान्यात तरी पसरली.

२०२०च्या जूनमध्ये झालं काय, तेही नीट सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या बातम्यांत 'गॉन विथ द विंडवर बंदी' असंच आलं होतं. मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला ती तारीख २५ मे. त्यानंतर दोन आठवड्यांनी पटकथाकार जॉन रिडली यांनी लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्रात लेख लिहून एचबीओ मॅक्स या ऑनलाइन सिनेमे दाखवणाऱ्या सेवेला विनंती केली की हा सिनेमा काही काळ बाजूला ठेवा. कायमचा पेटीत बंद करा असं ते म्हणाले नव्हते, उलट सेन्सॉरशिप नको असं त्यांनी लेखात स्पष्ट लिहिलं होतं. नंतर तो परत आणा, पण त्या काळाचं दुसरं चित्र दाखवणाऱ्या सिनेमांच्या सोबतीनं, एवढी मागणी. कंपनीनं ९ जूनला सिनेमा काढला, २४ जूनला परत ठेवला. एकही दृश्य कमी न करता. सुरुवातीला शिकागो विद्यापीठाच्या प्राध्यापक जॅकलिन स्टुअर्ट यांचं साडेचार मिनिटांचं निवेदन जोडलं. मधल्या पंधरवड्यात अ‍ॅमेझॉनवर या सिनेमाच्या डिस्कला इतकी मागणी आली की तो विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. बंदीची नुसती आवई उठली तरी माल खपतो. हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

ते पंधरा दिवस मला नाटकी वाटले. निवेदन तयार करून सरळ जोडता आलं असतं. रस्त्यावर लोक पोलिसांच्या हिंसेविरुद्ध उभे असताना एका कंपनीनं सिनेमा काढणं हा स्वस्तातला पश्चात्ताप होता, पैसा न लागणारा. पण शेवटी जे झालं ते योग्य झालं. स्टुअर्टबाई सिनेमाला शिव्या देत नाहीत. तो कसा घडला, त्यात काय दडवलंय आणि तरी तो का बघावा, ते शांतपणे सांगतात.

निवेदन आधी असावं की नंतर, यावर मात्र माझं मन अजून हेलकावे खातं. माझा पहिला कौल 'नंतर'ला. या सिनेमाचं खोटं त्याच्या सौंदर्यात आहे, तर आधी त्या सौंदर्याची भूल पडू दे की. अटलांटाच्या रेल्वे आवारात स्कार्लेट डॉक्टरला शोधत जखमींतून वाट काढते, कॅमेरा वर वर जातो, शेकडो माणसं (त्यातले बरेच पुतळे) जमिनीवर पसरलेली, आणि चौकटीत एका कोपऱ्यातून फाटका झेंडा फडफडत येतो. डोळ्यांत पाणी येतं. कोणाच्या झेंड्यासाठी आलं? हा प्रश्न पाणी आल्यावरच टोचतो. आधीच सावध केलेला प्रेक्षक हाताची घडी घालून बसतो, आपण या जाळ्यात सापडणार नाही असं मानतो, आणि काहीच न शिकता उठतो. पण मग तो मिशिगनच्या थिएटरातला एकटा पोरगा आठवतो. भूल पडण्याची चैन मला परवडते. पडद्यावर ज्याच्या आजीची टवाळी चाललीय त्याला ती कुठली परवडायला? त्याच्यासाठी, किंवा त्याच्या शेजारी बसलेल्यांसाठी म्हणा हवं तर, दोन शब्द आधी बोललेले बरे. सध्या मी इथं येऊन थांबलेय.

एक विषयांतर करते, पण तितकंसं विषयांतर नाही. रेट बटलर पैसा कशावर कमावतो? उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं १८६१मध्ये रोखली. ती नाकेबंदी चुकवून कापूस बाहेर काढायचा, चैनीच्या वस्तू आत आणायच्या, हा त्याचा धंदा. याच नाकेबंदीनं लँकेशायरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि त्यांचे दलाल धावले मुंबईला. वऱ्हाड-खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला असं सांगतात. कुलाब्याच्या कापूसबाजारातून पैसा शेअरबाजारात वाहिला, प्रेमचंद रायचंद या शेअरदलालाचं नाव घराघरांत गेलं, बॅकबे भरावाच्या कंपनीचे शेअर आभाळाला भिडले. एप्रिल १८६५मध्ये दक्षिणेचे जनरल ली शरण गेल्याची बातमी आली आणि १ जुलैच्या वायद्याच्या दिवशी मुंबई बसली, दिवाळखोरांच्या रांगा लागल्या. टारा उजाड होण्याची आणि मुंबईच्या त्या वैभवाची गोष्ट एकच आहे, दोन टोकांनी सांगितलेली. आपल्या टोकाचीही आपण तेजी-मंदीच आठवतो. भाव चढले तेव्हा वऱ्हाडात वेचणी करणाऱ्या बाईला काय मिळालं, हे कुठल्या शेअरबाजाराच्या इतिहासात सापडत नाही.

आणि याच युद्धाकडे पुण्यात बसून बघणारा एक माणूस होता. जोतीराव फुल्यांनी १८७३मध्ये 'गुलामगिरी' काढली. अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी निःस्वार्थ झीज सोसली. माझ्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावं, ही इच्छा त्यांनी तिथंच लिहिली. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. जोतीराव अमेरिकेला कधी गेले नव्हते. तरी ते युद्ध कशाबद्दल होतं हे त्यांना एका वाक्यात सांगता आलं. हॉलीवूडच्या हाताशी सहासष्ट वर्षं जास्त होती, इतिहासाचे सल्लागार होते, जळणारं शहर उभं करायला पैसा होता. सल्लागार सगळे गोरे होते, हेही सांगायला हवं. वॉल्टर व्हाइट काळा सल्लागार नेमा म्हणून सांगत राहिले. तो काही नेमला गेला नाही. पुतळे उभारणाऱ्यांनी साठ-सत्तर वर्षांत केलेलं काम किती मजबूत होतं याची कल्पना यावरून यावी.

मिचेलबाईंवर सगळा राग काढायचाही मला कंटाळा येतो. कादंबरीच्या पैशातून त्यांनी १९४०च्या दशकात, आपलं नाव पुढे न करता, अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजमार्फत काळ्या विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय शिक्षणाला मदत केली. माणूस आपल्या पुस्तकापेक्षा बरा असू शकतो. २००१मध्ये अ‍ॅलिस रँडल या काळ्या लेखिकेनं स्कार्लेटला वाढवणाऱ्या मॅमी या दासीच्या मुलीच्या तोंडून हीच गोष्ट उलटी सांगणारी कादंबरी लिहिली तेव्हा मिचेलच्या वारसांनी ती रोखायला कोर्टात धाव घेतली, वरच्या कोर्टानं मनाई उठवली, आणि तडजोडीत प्रकाशकानं देणगी दिली ती पुन्हा मोअरहाउसलाच. जुन्या पुस्तकाला उत्तर द्यायची ही पद्धत मला मनापासून आवडते. जुनं पुस्तक शेल्फवर राहू द्या, त्याच्या शेजारी नवं ठेवा.

सिनेमा संपत आला. रेटची लहान मुलगी घोड्यावरून पडून गेलीय. मेलनी भेटायला येते आणि मॅमी तिला जिन्यावरून वर घेऊन जाते. चढता चढता सांगत राहते, साहेब कसे वेडेपिसे झालेत, बाईसाहेब काय बोलल्या, पोरीला अंधाराची भीती वाटायची म्हणून तिला पुरूच देत नाहीत. आवाज फुटतो, पदरानं डोळे पुसते, पुन्हा चढते. सिनेमात याहून मोठा अभिनय नाही, व्हिव्हियन लीचा धरूनही.

"हिचं नाव काय?" भाचीनं विचारलं.

"मॅमी."

"ते हाक मारायचं झालं. नाव?"

नाव नाही. सिनेमात नाही, हजार पानांच्या कादंबरीतही नाही. ओहारांच्या तीन पिढ्या जिनं वाढवल्या तिला कोणी नावानं हाक मारत नाही.

मग मी तिला नटीचं नाव सांगितलं. हॅटी मॅकडॅनियल. बाप जन्मानं गुलाम, तो सुटून उत्तरेच्या सैन्यात लढला आणि पुढे पेन्शनसाठी वर्षानुवर्षं अर्ज करत राहिला. मुलगी दक्षिणेच्या विरहगीतात दासी झाली. १५ डिसेंबर १९३९ला अटलांटात पहिला खेळ झाला तेव्हा थिएटरच्या दर्शनी भागाला मळ्यातल्या वाड्याचे खोटे खांब लावले होते, रस्त्यांवर लाखोंची गर्दी होती, आणि तिला बोलावणं नव्हतं, कारण जॉर्जियाच्या कायद्यात काळ्यांना गोऱ्यांसोबत बसता येत नव्हतं. आदल्या रात्रीच्या मेजवानीत मात्र काळ्या चर्चचा गायकवृंद गुलामांच्या वेषात गायला उभा केला होता. त्यात दहा वर्षांचा मार्टिन ल्यूथर किंग होता. २९ फेब्रुवारी १९४०ला हॅटीला ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली काळी व्यक्ती. समारंभाचं हॉटेल काळ्यांना आत घेत नसे. सेल्झनिकनं शब्द टाकला म्हणून तिला प्रवेश मिळाला, आणि बसायला भिंतीलगत वेगळं टेबल. १९५२मध्ये ती गेली तेव्हा तिला हवं होतं त्या हॉलीवूडच्या दफनभूमीत जागा नाकारली, रंगावरून. ऑस्करची पाटी तिनं हॉवर्ड विद्यापीठाला ठेवली होती. ती तिथून कधीतरी गहाळ झाली. २०२३मध्ये अकादमीनं नवी करून दिली.

भाची फोनवर तिचे फोटो बघत होती. चेष्टेखोर डोळ्यांची, फुलं माळलेली बाई, हातात ती पाटी.

"जिना परत लाव," ती म्हणाली. दीड वाजून गेला होता. आम्ही मागे जाऊन तेवढाच भाग पुन्हा लावला.